वर्तकबाईंचा कान

माझा आवाज बारीक आहे. सत्तरी ओलांडली तरी टेलिफोनवर पलीकडचा माणूस मला ‘बाई’ म्हणतो आणि ‘जरा साहेबांना बोलवता का?’ असं विचारतो. शाळेतली मुलं मला पाठीमागे ‘पिपाणी मास्तर’ म्हणायची. पाठीमागे म्हणजे मला नीट ऐकू येईल एवढ्याच अंतरावरून. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या वर्तकबाईंबद्दल मला लिहायचं आहे त्यांच्याशी माझी दोस्ती झाली ती केवळ या आवाजापायी. चिंचवडच्या आमच्या शाळेत आम्ही दहा-बारा पुरुष शिक्षक होतो. त्यांतल्या फक्त माझं बोलणं बाईंना ऐकू यायचं.

गोष्ट पन्नास ते साठच्या दरम्यानची. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता, पण चिंचवड अजून गावच होतं. आकुर्डी-थेरगावची मुलं बांधाबांधानं चालत शाळेला यायची. मुलींचे वर्ग वेगळे भरायचे आणि त्यांचं सायन्स बाईंकडे होतं. बाई उंच, काटकुळ्या. फिकट रंगाचं पाचवारी पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायांत कॅनव्हासचे बूट. अगदी लहान वयात विधवा झाल्या होत्या असं लोक सांगायचे. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी शाळेत रुजू झालो त्याच आठवड्यातला प्रसंग. शिक्षकांच्या खोलीत बाई वह्या तपासत बसल्या होत्या. दारात हेडमास्तर येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज असा, की रांजणात तोंड घालून कुणी बोलतंय असं वाटावं. ‘वर्तकबाई,’ ते म्हणाले. बाई ढिम्म. ‘अहो वर्तकबाई!’ तरी ढिम्म. हेडमास्तर तिसऱ्यांदा तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी मान वर केली आणि खिडकीतून व्हरांड्याच्या पार पलीकडच्या टोकाला बघत म्हणाल्या, ‘शकू, चिंचेवरून खुसखुस पुरे झाली. टाक ती आधी.’

शकूच्या हातून चिंच पडली. हेडमास्तरांचा चेहरा मात्र तांबडालाल झाला. एवढ्या लांबची कुजबुज ऐकू येते आणि चार हातांवरून मारलेली हाक ऐकू येत नाही, याचा अर्थ कुणीही काढील तोच आमच्या शाळेनं काढला होता. ‘बाई सोयीच्या बहिऱ्या आहेत.’ काही शिक्षकांना याचा राग होता आणि काहींना मनातून हेवा. हेडमास्तरांचं न ऐकण्याची इच्छा सगळ्यांनाच होती. धाडस एकट्या बाईंचं, असा समज होता.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी बाईंच्या मागून जाता जाता म्हणालो, ‘खडू आहे का एखादा?’ बाई गर्रकन वळल्या. मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘चला! या शाळेत एक तरी पुरुष नीट बोलतो म्हणायचा.’

माझ्या आवाजाचं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं आणि पुढेही कुणी केलं नाही. मी त्या दिवसापासून बाईंचा झालो. हेडमास्तरांना बाईंना काही सांगायचं असलं की ते मला बोलावून घ्यायचे, मी ते माझ्या पिपाणीत सांगायचो आणि बाईंचं उत्तर हेडमास्तरांना थेट जायचं, कारण हेडमास्तरांना बाईंचं सगळं ऐकू यायचं. नको तेवढं.

बाई राहायच्या ती खोली बघण्यासारखी होती. एक खाट, एक स्टोव्ह, पुस्तकं आणि भिंतीतल्या फडताळात ओळीनं मांडलेल्या कुंकवाच्या रिकाम्या डब्या. आमच्या मास्तरांच्या बायका हळदीकुंकवाला जमल्या की या डब्यांचा विषय निघाल्याशिवाय राहायचा नाही. विधवा बाईनं कुंकवाच्या डब्या जमवाव्यात, आणि त्यात काय ठेवावं, तर हाडं! प्रत्येक डबीत कापसावर तीन हाडं. बोकडाची, मांजराची, वटवाघळाची, चिचुंद्रीची. चाकणच्या बाजारात दगावलेल्या एका बैलाचीही होती. सगळी कानातली.

बाई स्वतः कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरातल्या. पण पिंपरीच्या खाटकाकडे त्यांची बोकडाची मुंडी ठरलेली असायची. खाटकाला या गिऱ्हाइकाचं फार नवल. एकदा त्यानं न राहवून विचारलं, ‘बाई, मुंडी करता कशी? मसाला घरचा का विकतचा?’ बाईंनी अत्यंत गांभीर्यानं सांगितलं, ‘मीठसुद्धा घालत नाही. पाण्यात ठेवते, मांस आपोआप सुटतं. मग कानामागचं हाड फोडते.’ त्यानंतर बाई दुकानासमोरून गेल्या की तो खाटीक सुरा खाली ठेवून नमस्कार करायचा.

डबी उघडण्याआधी त्या बजावायच्या, ‘शिंकू नका.’ चिचुंद्रीची हाडं इतकी बारीक, की त्या ती ओल्या कुंचल्याच्या टोकानं उचलायच्या. मला दिसायचा फक्त एक पांढरा कण. शेजारी बैलाची ठेवायच्या.

‘हा हातोडा, ही ऐरण आणि ही रिकीब, घोडेस्वार पाय देतो तसली,’ त्या सांगायच्या. ‘हातोडा पडद्याला चिकटलेला. पडदा हलला की हातोडा हलतो, तो ऐरणीला हलवतो, ऐरण रिकिबीला. रिकिबीची पायरी एका खिडकीत बसलेली असते. खिडकीच्या आत शंख. शंखात पाणी. रिकीब ते पाणी ढकलते, तेव्हा कुठे तुम्हाला कळतं की हेडमास्तर ओरडतायत. बारीक आवाज म्हणजे काय? हवेला एका सेकंदात हजारो हेलकावे. तेवढ्या वेगानं हलायचं तर हाड हलकं हवं. चिचुंद्रीला म्हणून आपल्या कल्पनेत नाहीत असले बारीक आवाज ऐकू येतात. बैलाची हाडं जड. त्याचा कान तितक्या वर पोचत नाही.’

‘आणि तुमची?’ मी एकदा धीर करून विचारलं.

बाई हसल्या. कपाटातून शाळेचा नादकाटा काढला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि कानासमोर धरला. ‘नाही.’ मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. ‘आता आहे. छान आहे. म्हणजे शंख शाबूत आहे, सोनटक्के. बिघाड वाटेत आहे. माझ्या रिकिबीच्या पायरीभोवती हाड वाढतंय. तुमचं पावसाळ्यात दार फुगतं ना, तसं. दार फुगलं की उघडत-मिटत नाही. पण त्यावर नखानं टकटक केली तर ते थरथरतं. जाड आवाजाला लांब झोका लागतो, तो माझ्या रिकिबीला घेता येत नाही. बारीक आवाज नुसत्या थरथरीवर भागवतो. आधी जाड आवाज जातात. मग यथावकाश सगळेच. आईचं असंच झालं. शेवटी शेवटी तिला घरातलं मांजर तेवढं ऐकू यायचं, आम्ही नाही.’

हे सगळं त्यांनी पाढे म्हणावेत तसं सांगितलं. मी आपला बैलाची रिकीब परत डबीत ठेवत बसलो.

शिट्टीची हकिकत मी इतक्या जणांना सांगितली आहे की ती आता माझीच वाटते. देहूरोडच्या लष्करी सामानाच्या लिलावातून बाईंनी कुत्र्यांना बोलावायची एक शिट्टी मिळवली होती. तिला एक मळसूत्र होतं. ते आवळलं की आवाज आणखी आणखी बारीक व्हायचा. बाई ती वर्गात वाजवून दाखवत होत्या आणि मुली कानांवर हात ठेवून किंचाळत होत्या. गोंगाट ऐकून हेडमास्तर मला घेऊन आले. त्यांना प्रकार कळल्यावर ते म्हणाले, ‘पण ही वाजत कुठं आहे?’

मी ते बाईंना सांगितलं. बाईंनी पुन्हा फुंकली. मुलींनी पुन्हा कान झाकले.

‘वाजतच नाही ती!’ हेडमास्तरांनी शिट्टी हातात घेतली, रुमालानं पुसली आणि गाल फुगवून स्वतः फुंकली. वर्गात मुलींची तारांबळ उडाली आणि मैदानात झोपलेलं कुत्रं ताडकन उठून थेट वर्गाच्या दाराशी येऊन उभं राहिलं. ते हेडमास्तरांकडे मोठ्या अपेक्षेनं बघत होतं.

‘सर, शिट्टी वाजतेय. तुम्हाला ऐकू येत नाही,’ बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता. असता तर बरं झालं असतं. ‘तुमची हाडं उत्तम असणार. पण शंखाच्या आत बारीक केस असतात, ते वयाबरोबर झडतात. पहिल्यांदा झडतात ते बारीक आवाजाचे.’

हेडमास्तरांचा हात नकळत टकलाकडे गेला. वर्गात एक मुलगी फिस्सकन हसली आणि मग कुणीच थांबलं नाही. मला वाटलं आता बाईंची धडगत नाही. पण हेडमास्तर शिट्टी टेबलावर ठेवून निघून गेले आणि त्या दिवसानंतर ‘सोयीच्या बहिऱ्या’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. उलट ते मुंबईच्या एका कानाच्या डॉक्टरांचा पत्ता घेऊन आले. तिथे नवीन ऑपरेशन करतात, बाईंना जायला सांगा, म्हणाले.

बाई जाऊन आल्या. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. पडदा उचलायचा, सुईनं रिकिबीला हळूच धक्का द्यायचा आणि अडकलेली पायरी मोकळी करायची. पुष्कळांना ऐकू येऊ लागतं. काहींचा फरक टिकत नाही. आणि एखाद्याचा कान कायमचा जातो. मग बारीक नाही, जाड नाही, काहीच नाही.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय? नको म्हणून सांगितलं. मला काय ऐकू येत नाही सांगा बघू. हेडमास्तर, शाळा कमिटी, कारखान्याचा भोंगा आणि मालगाडी. यांच्यासाठी मुलींचे आवाज पणाला लावू? डावा कान शंखासकट गेल्यात जमा आहे, त्याला ऑपरेशनचा उपयोग नाही. आहे तो हा उजवा. माझ्या वर्गातली प्रत्येक मुलगी मला ऐकू येते, सोनटक्के. सगळ्या.’ हे त्या नेहमी म्हणायच्या, आणि म्हणताना मान जरा ताठ व्हायची.

माणसांशी गप्पा मारायची हौस त्या स्टेशनजवळच्या पिठाच्या गिरणीत भागवून घ्यायच्या. दळणाचा डबा स्वतः घेऊन जायच्या. गिरणीच्या धडधडाटात तुम्हा-आम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पण बाईंना तो धडधडाट फारसा पोचायचाच नाही. आणि तिथे प्रत्येक जण घसा फोडून बोलत असल्यामुळे सगळ्यांचं बोलणं लख्ख ऐकू यायचं. गिरणीवाल्याच्या घरची सगळी भांडणं त्यांना ठाऊक होती. येताना केस, भुवया पांढऱ्या करून यायच्या आणि अतिशय खुशीत असायच्या.

हे असंच चाललं असतं. पण एका श्रावणात धोंडिबा आले.

धोंडिबा मोशीचे शेतकरी. इंद्रायणीकाठी त्यांची जमीन होती. त्यांची मुलगी पारू चिंचवडला आत्याकडे राहून आमच्या शाळेत शिकत होती. त्या काळी मोशीसारख्या गावातून इंग्रजी शाळेत मुलगी घालणारा बाप विरळाच. गावानं त्यांना नावं ठेवली असणार. ते शिक्षकांच्या खोलीत आले, डोक्याचं मुंडासं सारखं केलं आणि बाईंच्या समोर उभे राहून बोलू लागले. आवाज खर्जातला आणि मिशा अशा भरघोस, की ओठ हलताहेत की नाही तेही कळू नये.

बाईंनी थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सवयीनं माझ्याकडे वळून विचारलं, ‘काय म्हणतायत?’

धोंडिबा जागच्या जागी थिजले. ‘बघा,’ ते मला म्हणाले, ‘मी म्होरं हुबा हाय, आन् ह्या तुमाला इचारत्यात. ह्येच सांगाया आलो व्हतो. मास्तर, आता तुमीच सांगा त्यास्नी. माज्या तोंडचं काय बी वगळू नगा.’

मग ते एकेक वाक्य बोलले आणि मी ते माझ्या आवाजात बाईंना सांगितलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नसेल.

‘पारू म्हनती, आबा, मला उत्तर येतं. बाई इचारत्यात, मी हुबी ऱ्हाते, बोलते. आन् बाई म्हनत्यात, येत नसंल तर बस खाली. एक डाव न्हाई, दोन डाव न्हाई, वरीस झालं. म्होरच्या बाकावरच्या पोरींचं ऐकत्यात. आमच्या पोरीचं न्हाई. आमी नांगर धरनारी मानसं म्हून का?’

मी सांगत होतो आणि बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

‘तवा आता ऐतवारी गाडी आनतो आन् तिला घिऊन जातो. येळंवर लगीन तरी हुईल पोरीचं.’

मी तेही सांगितलं. बाईंनी टेबलाची कड धरली. ‘पारू बोलते?’ त्या मला म्हणाल्या. ‘ती उभी राहते. तोंडावर हात असतो तिचा. मला वाटायचं, उत्तर येत नाही म्हणून लाजते.’

पारूला बोलावलं. चौदाएक वर्षांची थोराड पोर, तेलानं चपचपीत वेणी, परकराचा घोळ मुठीत धरलेला. बाईंनी तिला परवाचा प्रश्न पुन्हा विचारला. पारूनं हात तोंडाकडे नेला आणि उत्तर दिलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. उत्तर बरोबर होतं. आवाज मात्र मुलीचा वाटणार नाही इतका जाड होता, आणि तो तिनं दाबून दाबून आणखी खाली नेलेला होता. घरी भावंडं ‘बाप्या आला, बाप्या आला’ म्हणून चिडवायची, हे नंतर कळलं. मला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

बाईंना काहीसुद्धा ऐकू आलं नाही. ‘मोठ्यानं बोल, बाळ,’ त्या म्हणाल्या. सगळे मास्तर माना वर करून बघत होते. पारूचा आवाज होता तोही बसला.

बाई उठल्या. ‘सोनटक्के, यांना म्हणावं माझ्याबरोबर चला. पारू, तूही. तुम्हीही या.’ आणि भर शाळेच्या वेळात आमची वरात गिरणीत जाऊन थडकली. पट्टा फिरत होता, जातं गरगरत होतं, दळणाला आलेल्या बायका एकमेकींवर ओरडत होत्या. बाईंनी पारूला जात्यापाशी उभं केलं आणि ओरडून विचारलं, ‘लोखंड कशानं गंजतं?’

पारूनं इकडेतिकडे बघितलं. तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. या गलक्यात बाप्याचा आवाज काय आणि बाईचा काय! तिनं तोंडावरचा हात काढला आणि छाती भरून ओरडली, ‘हवा आन् पानी, दोन्ही लागतं! नुसत्या एकानं न्हाई गंजत!’

बाईंनी डोळे मिटले. उघडले. दुसरा प्रश्न विचारला. पारू ओरडली. तिसरा. चौथा. वर्षभराची परीक्षा बाईंनी त्या गिरणीत घेतली आणि पोरगी धडाधड उत्तरं देत सुटली. धोंडिबा बघतच राहिले. आपली मुलगी एवढ्या मोठ्यानं बोलू शकते हे त्यांनाही ठाऊक नसावं.

मग बाईंनी त्यांच्यासमोर हात जोडले. ‘मला ऐकू येत नाही. दोष तुमच्या मुलीचा नाही आणि तुमच्या नांगराचा तर नाहीच नाही. माझ्या कानाचा आहे. तिला नेऊ नका.’

धोंडिबा गोंधळून गेले. ‘आवं बाई, हात कशाला जोडता? आमाला काय ठावं,’ ते ओरडून म्हणाले. बाहेर आल्यावर आवाज खाली आणून मला म्हणाले, ‘दिवाळीपातूर ठिवतो पोरीला. पर मास्तर, गिरनीत शाळा किती दिस भरवनार ह्या?’

बाईंनी उपाय करून बघितले. पारूला पुढच्या बाकावर घेतलं, उत्तरं पाटीवर लिहायला सांगितली. आठ-पंधरा दिवसांत वर्गानं तिचं नाव ‘मुकी’ ठेवलं. ते बारीक आवाजातलं असल्यामुळे बाईंना लगेच ऐकू आलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, ‘मुंबईला जातेय. ऑपरेशन करून घेते.’

मी त्यांच्याशी भांडलो. आमच्या सगळ्या ओळखीत एकदाच. म्हणालो, ‘एका मुलीपायी सगळ्या मुली पणाला लावता? कान गेला तर शाळा गेली. मग करणार काय तुम्ही?’

‘मी म्हणायची, सगळ्या ऐकू येतात,’ बाई म्हणाल्या. ‘ज्या ऐकू येत नव्हत्या त्या मला कळणार कशा होत्या, सोनटक्के? किती वर्षं शिकवतेय मी. पारूचा बाप भांडायला आला. बाकीच्यांचे आले नसतील.’

त्या रडत नव्हत्या. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला होता, आणि मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी भांडण तिथंच सोडलं.

मुंबईला जायच्या दिवशी स्टेशनवर हेडमास्तरही आले. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि एकाएकी, उभ्या जन्मात काढला नसेल असा बारीक, किरटा आवाज काढून ओरडले, ‘बरं होऊन या हो, वर्तकबाई!’ प्लॅटफॉर्मवरचे हमाल वळून बघू लागले. बाईंनी मात्र ते ऐकलं. त्यांनी खिडकीतून हात हलवला आणि मग पदर डोळ्यांना लावला.

ऑपरेशनची हकिकत बाईंनीच नंतर सांगितली. कान तेवढा बधिर केला होता, बाई जाग्याच. डॉक्टर सुईनं चाचपत होते आणि या पडल्या पडल्या त्यांना, आता ऐरणीवर आलात, आता पायरीजवळ, असं सांगत होत्या. एका क्षणी कानात काहीतरी कट्‌दिशी वाजलं. ‘आणि मग खोलीत कुणीतरी पुरुष बोलायला लागला. इतका भारदस्त आवाज! मी विचारलं, हे कोण आलं? डॉक्टर म्हणाले, कुणी नाही, मीच बोलतोय मघापासून.’

ते ऐकणं कायम टिकलं नाही, हे इथेच सांगतो. काही वर्षांनी पायरी पुन्हा धरली. पुढे बाई कानाला यंत्र लावून शिकवायच्या आणि शेवटी भावाकडे नागपूरला निघून गेल्या. तोवर पारू मॅट्रिक होऊन गेली होती. बाई गेल्याचं मला फार उशिरा, तिऱ्हाइताकडून कळलं. मी त्यांना शेवटचं कधी पाहिलं ते खरं म्हणजे नीट आठवत नाही. आठवतात त्या मुंबईहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बाई.

दिवाळीची सुट्टी लागायला थोडेच दिवस उरले होते. धोंडिबा बोलल्याप्रमाणे गाडी घेऊन आले होते. ती आवारात, वर्गाच्या खिडकीखाली उभी होती आणि पारूची ट्रंक तिच्यात चढवलेली होती. बाईंच्या उजव्या कानात कापूस होता. चेहरा उतरलेला. चालताना जरा तोल जात होता, म्हणून मी वर्गापर्यंत सोबत गेलो आणि दारातच थांबलो. ऐकू येतंय का, हे त्यांनी मला तोवर सांगितलं नव्हतं. मी बोललेलं ऐकू येत होतं, पण ते तर आधीही यायचं.

‘पारू,’ बाई म्हणाल्या, ‘चुंबकाचा धडा काढ. वाच.’

पारू उभी राहिली. हात तोंडाकडे गेला.

‘असू दे हात,’ बाई म्हणाल्या. मग त्यांनी वर्गाकडे पाठ केली, भिंतीला धरून खिडकीशी गेल्या आणि बाहेर तोंड करून उभ्या राहिल्या. आता त्यांना पारूचे ओठ दिसत नव्हते, कुणाचेच दिसत नव्हते. ‘हं.’

पारू वाचू लागली. तोच जाड, दाबलेला आवाज. चार-पाच ओळी झाल्या आणि पारू अडली. बाई पाठमोऱ्याच होत्या. त्यांचा खांदासुद्धा हलला नाही. मला वाटलं, संपलं.

‘“दक्षिण ध्रुव” म्हणालीस,’ बाई म्हणाल्या. ‘त्याच्या पुढं काय?’

पारूचा हात खाली आला. ती पुढचं वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज एकेक पायरी वर चढत गेला. खिडकीखाली धोंडिबा बैलांच्या मानेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी वर बघितलं आणि मिशांतल्या मिशांत, खर्जात विचारलं, ‘बाई, पोरगी वाचतीया का?’

मी सवयीनं पुढे झालो. बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं नाही.

‘वाचतेय, आबा,’ त्या खाली वाकून म्हणाल्या. ‘ट्रंक उतरवा तेवढी.’